फ्रिजच्या पट्टीतली गाणी

आमच्या बँडमध्ये चौघं होते आणि त्यातला एक फ्रिज होता. हे आम्ही सहसा कुणाला सांगत नसू. गाणी ऐकून कुणी विचारलंच, की मागे तो सतत घुमणारा गंभीर आवाज कसला आहे, तर ताई डोळे अर्धवट मिटून म्हणायची, "तो आमचा शोध आहे." शोध आत्याच्या मालकीचा होता आणि त्यात गुलाब ठेवलेले असत.

आत्याचं फुलांचं दुकान आहे. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान आणि त्यामागची खोली म्हणजे फ्रिज. कपाटाएवढा, काचेच्या दाराचा, आत बादल्यांमधून उभी फुलं. लग्नाची वरच्या कप्प्यात, अंत्यविधीची खालच्या. या क्रमात अदलाबदल झाल्याचं एकच उदाहरण आहे आणि आत्या त्याबद्दल बोलत नाही. ही मागची खोली आजोबांनी बाबा आणि आत्या या दोघा भावंडांच्या नावावर ठेवली, त्यामुळे तिथे खिळा ठोकायचा तरी दोघांची संमती लागते. आठ वर्षांपूर्वी आम्ही सरावाला जागा मागितली तेव्हा आत्या लगेच हो म्हणाली. बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण ही तात्पुरती व्यवस्था आहे."

बँडला नाव सुचत नव्हतं. आम्ही तेच ठेवलं.

'तात्पुरती व्यवस्था'मध्ये मी बेस वाजवतो, कारण बाकीची वाद्यं माझ्या आधी वाटून झाली होती. गिटार आणि गाणं ताईकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यामुळे जगात कुणाच्याही शेजारी बसली तरी समोरचा माणूस चुकतोय असं वाटलं की तिचा पाय आपोआप खाली जातो. तिच्या आवाजाला लोक कणखर म्हणतात. दिवसभर 'आरशात बघ, अरे आरशात बघ' केल्यावर कुणाचाही होईल. ड्रम कवळी वाजवतो. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, म्हणून हे नाव. त्याच्या घरचेही त्याला आता कवळीच म्हणतात, फक्त त्याची आई पाहुण्यांसमोर 'आमचे कवळी' म्हणते.

आमच्या इतिहासाचे जाणकार तीन कालखंड मानतात. जाणकार म्हणजे कवळी. पहिल्या कालखंडात आम्ही नुसतं नाव ठरवत होतो. दुसऱ्यात आम्हाला वाजवता येत नव्हतं. तिसऱ्यात हे इतरांच्याही लक्षात आलं.

आमचा खास आवाज मात्र पहिल्या दिवसापासून होता. त्या दिवशी गिटार सुरात लावायला आमच्याकडे काहीच साधन नव्हतं आणि त्या खोलीत एकच गोष्ट स्थिर सुरात होती. ताईने फ्रिजला कान लावून गिटार लावली, मी गिटारवरून बेस लावला. ते इतकं छान जमलं की पुढे कधी दुसरा विचारच आला नाही. बऱ्याच वर्षांनी फुलं न्यायला आलेले एक पेटीवादक दारात थबकले आणि चेहरा वाकडा करून ऐकत राहिले. "ही कुठली पट्टी म्हणायची?" ते म्हणाले. "पांढरी पाच नाही, काळी चार नाही. दोघींच्या मधली फट आहे ही. पेटीत तिथे धूळ असते."

आम्हाला ते कौतुक वाटलं.

नुसता सूरच नव्हे, तर गाण्याची लांबीही फ्रिजच ठरवायचा. फ्रिज मध्येच सुरू होतो, बराच वेळ घुमतो, मग अंगातून एक हिसका जातो, बादल्या खडखडतात आणि तो ठक्कन बंद पडतो. आम्ही तो सुरू झाला की सुरू व्हायचो आणि ठक झालं की थांबायचो. त्यामुळे आमच्या एकाही गाण्याला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. जे काही होतं ते मधलं होतं. आमची तीन गाणी इंटरनेटवर आहेत. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'हा बँड शेवट करत नाही, शेवट त्यांच्यावर कोसळतो.' फ्रिज बंद असताना आम्ही चहा प्यायचो.

आता बाबा. बाबांचं टाइल्स, बेसिन, कमोड वगैरेंचं दुकान आहे आणि मी तिथेच काम करतो. त्यांची झोपायची खोली आमच्या सरावाच्या खोलीच्या बरोबर वर आहे. पलंगाची उशी फ्रिजच्या डोक्यावर येते. बाबा रागावले तरी ओरडत नाहीत. तोंड मिटून, नाकातून लांब 'हूंऽऽ' असा आवाज काढतात. गिऱ्हाईकाने टाइलवर टाचेने ठोकून पाहिलं की हूंऽऽ. मी गिऱ्हाईकाला बेसिनचा चुकीचा भाव सांगितला की हूंऽऽ. आमच्या घरात या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही, जसं पंख्याकडे देत नाहीत.

मागच्या महिन्यात जेवताना बाबा म्हणाले, "मागची खोली रिकामी करा. नवीन माल येतोय."

"कसला?" आत्याने विचारलं.

"भिंतीला टांगायचे कमोड."

"दादा, मुलं वाजवतात तिथे."

"आठ वर्षं वाजवतात. एवढ्या वर्षांत एकाने तरी यांना बोलावलं का? कमोडला निदान मागणी आहे."

कवळी आमच्याकडे जेवायला असतोच. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "बोलावलंय की, काका."

"कुणी?"

"कवळ्या बनवणाऱ्यांच्या संघटनेने. वार्षिक मेळावा आहे. जेवणानंतर, दुपारी."

हे आम्हालाही नवीन होतं. नंतर कळलं की कवळी त्या मेळाव्याच्या करमणूक समितीवर होता आणि समितीत तो एकटाच होता.

बाबांनी ताट बाजूला सारलं. "ठीक आहे. मी येईन, पहिल्या रांगेत बसेन. लोक शेवटपर्यंत बसले तर खोली तुमची. उठून गेले तर दुसऱ्या दिवशी कमोड आत, तुम्ही बाहेर."

"किती उठले तर?" ताईने विचारलं. नियमांच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे.

"निम्मे."

"बाथरूमला गेलेले धरायचे का?"

बाबा गंभीर झाले. "बाथरूमला जाणं हा कुणाचा अपमान नसतो. परत आले तर धरायचे नाहीत."

आम्ही तिघं मागच्या खोलीत जाऊन फ्रिजसमोर बसलो. ही खोली गेली तर बँड गेला, हे सांगायची गरज नव्हती. कवळीचं घर लॅबच्या वर आहे, तिथे ड्रम वाजवला तर खाली दात पडतात. ताई भाड्याच्या खोलीत राहते आणि घरमालकाला ती शिंकलेलीही चालत नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही खोलीत हा फ्रिज नसता.

"फ्रिज स्टेजवर न्यायचा," ताई म्हणाली.

आत्याची परवानगी काढायला मी गेलो. ती गुलाबांचे काटे काढत होती. "मेळाव्याला फ्रिज नेऊ का?" मी विचारलं.

"कशाला रे?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण 'आत्या, तो आमच्यात सर्वांत सुरेल आहे' हे वाक्य मनात जितकं साधं होतं तितकं तोंडात राहिलं नाही.

"बरोबर आहे," माझ्याऐवजी तीच म्हणाली. "गाणाऱ्यांना गार पाणी लागतं."

मी होकारार्थी मान हलवली. आमच्यावर पुढे जे ओढवलं ते या एका मानेमुळे.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी आम्ही सरावाला आलो तर खोलीत मेकॅनिक हात पुसत उभा होता आणि आत्या लग्नघरातल्यासारखी लगबग करत होती. फ्रिजला पांढरा रंग दिलेला होता.

"चार लोकांत जायचं तर असा घुरघुरत कसा जाईल?" आत्या म्हणाली. "लोक म्हणतील, यांच्या घरात काही धड नाही."

"मोटरचा पाया सैल झाला होता," मेकॅनिक म्हणाला. "रबर घातलंय. ऐका आता."

आम्ही ऐकलं.

"काहीच येत नाही ना?" तो हसत म्हणाला.

कवळी ड्रमच्या स्टुलावर बसला. ताईचा पाय सावकाश खाली गेला, पण ब्रेक कुठेच नव्हता.

"परत सैल करता येईल का?" मी विचारलं.

मेकॅनिकने आत्याकडे पाहिलं. "यांना बरं नाही का?"

"कलावंत आहेत," आत्या म्हणाली.

ती इतकी खूश होती की तिला काही सांगणं शक्यच नव्हतं. कवळीने दुसऱ्या दिवशी दात कोरायच्या हत्यारांनी ते रबर हळूच काढलं. फ्रिज घुमला नाही, फक्त कुणीतरी जिभेने चुकचुकावं तसं करायला लागला. आत्याने ते ऐकून मेकॅनिकला पुन्हा बोलावलं आणि त्याने दुप्पट रबर घातलं.

फ्रिजशिवायचा पहिला सराव कायम लक्षात राहील. मुळात तो सुरू होईना. ताई म्हणाली, "एक, दोन, तीन," आणि आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या आकड्यांवर सुरू झालो. मग ते संपेना. कवळीला वाटलं ताई थांबेल, ताईला वाटलं मी थांबेन, आणि थांबावं की नाही हे मला आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहत वाजवत राहिलो. कवळीच्या चेहऱ्यावर आधी जिद्द दिसली, मग काळजी, मग भूक. शेवटी आत्याने दारातून डोकं आत घातलं. "गिऱ्हाईक आहे, जरा हळू." तेव्हा ते गाणं संपलं.

"आत्यालाच स्टेजवर घेऊ या का?" कवळी म्हणाला. यावर आम्ही खरंच थोडा वेळ विचार केला.

मग आम्ही जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. तिथे भिंतीला लागून बरेच फ्रिज उभे होते. ताई एकेकाला कान लावून गुणगुणत पुढे सरकू लागली. दुकानदार तिच्या मागे मागे चालत होता.

"मोठा पाहिजे की लहान?"

"खर्जातला," ताई म्हणाली.

दुकानदाराने मला बाजूला घेतलं. "यांना थंड करणारा पाहिजे की गाणारा?"

एका हिरव्या फ्रिजचा सूर अगदी जवळपास होता, पण त्याला दमसास नव्हता. दोन ओळी झाल्या की बंद पडायचा. एकाचा दमसास चांगला होता, पण त्याचा सूर असा होता की ताई म्हणाली, "हा शिकलेला वाटतो." आम्ही हात हलवत परत आलो.

त्या आठवड्यात घरात आणखी एक बिघाड झाला. बाबांची झोप उडाली. सकाळी ते लाल डोळ्यांनी खाली यायचे.

"वर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतंय," ते म्हणायचे. "काय ते कळत नाही. उशी बदलली का कुणी?"

कुणी बदलली नव्हती. बाबा चिडचिडे झाले. दुकानात दिवसभर हूंऽऽ चालायचं. एका गिऱ्हाईकाला वाटलं, मागे पाण्याचा पंप चालू राहिलाय. तो मला तसं सांगूनही गेला. मी त्याचे आभार मानले आणि यातून काहीही बोध घेतला नाही.

मेळाव्याच्या दिवशी फ्रिज नेला, कारण आत्याने टेम्पो सांगितला होता आणि फ्रिजच्या मुठीला फुलांचा गुच्छ बांधला होता. हॉल लांबट होता. समोर कवळ्या बनवणारे, त्यांचे कुटुंबीय आणि काही दंतवैद्य भरल्या पोटाने बसले होते. पहिल्या रांगेत बाबा, हाताची घडी घालून. शेजारी आत्या. स्टेजच्या मधोमध नवरदेवासारखा पांढराशुभ्र फ्रिज आणि आत पाण्याच्या बाटल्या.

आम्ही सवयीने फ्रिजकडे तोंड करून उभे राहिलो, म्हणजे लोकांकडे पाठ करून. आणि वाट पाहू लागलो. सगळा हॉल आमच्याबरोबर फ्रिजकडे पाहत होता. मागे कुणीतरी आपल्या बायकोला हळूच म्हणालं, "यातून काहीतरी निघणार आहे."

काही निघालं नाही. शेवटी ताईने वळून गायला सुरुवात केली. तिचा सूर एक, गिटारचा दुसरा. मी तिसरीकडे होतो. दातांच्या ड्रिलची सवय झालेली माणसं होती ती, तरी काहींनी गालावर हात ठेवला. मागची एक ओळ उठली. मग तिच्या पुढच्या ओळीतले चौघं-पाच जण. ते बाथरूमला चाललेत असं समजून घ्यायचं मी ठरवलं, पण ते पिशव्या घेऊन चालले होते. कवळी त्याच्या साहेबांना दाराकडे जाताना पाहत होता आणि तरीही वाजवत होता. मी आयुष्यात पाहिलेलं हे सर्वांत शूर दृश्य आहे.

आणि मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"हूंऽऽऽऽ."

आम्ही तिघंही थांबलो. एकाच वेळी, इतिहासात पहिल्यांदा, फ्रिजच्या मदतीशिवाय. मी बेसची, अजून फ्रिजच्याच सुरात असलेली, जाड तार छेडली. तार आणि बाबा यांच्यात केसाचाही फरक नव्हता. आठ वर्षं फ्रिजच्या डोक्यावर उशी ठेवून झोपलेला माणूस. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधली धूळ बाबांच्या नाकात जाऊन बसली होती.

ताई माईक घेऊन खाली उतरली आणि तो बाबांच्या तोंडाशी धरला. "काका, पुन्हा."

"काय पुन्हा?" बाबांचा आवाज हॉलभर घुमला. ते दचकले.

"आत्ता करत होता ते."

"मी काही करत नव्हतो."

"तुम्ही नाराज आहात ना?"

"प्रचंड."

"मग व्हा ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, फ्रिजला बांधलेल्या गुच्छाकडे पाहिलं. "हूंऽऽऽऽऽ."

आम्ही सुरू झालो. आठ वर्षांची सवय एका क्षणात परत आली. बाबा कमोड उचलून जिने चढणारे. त्यांच्या छातीत कुठल्याही फ्रिजपेक्षा जास्त हवा आहे. एक श्वास संपला की नाकाने दुसरा घ्यायचे आणि पुढे चालू. शेवटी ठसका लागला, ठक, आणि गाणं संपलं. दाराशी पोचलेली माणसं तिथेच उभी राहिली. कवळीचे साहेब पिशवी छातीशी धरून परत येऊन बसले.

दुसऱ्या गाण्याला मात्र अडचण आली. बाबा 'हूं' करायला गेले आणि ते झालंच नाही. नुसता एक गुळगुळीत आवाज निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि बाबा खूश झाले होते. खुशीत त्यांना सूर लागत नव्हता.

ताईच्या ते लगेच लक्षात आलं. ती माईकमध्ये म्हणाली, "काका, चौकातल्या नव्या दुकानातली बेसिनं तुमच्यापेक्षा मजबूत आहेत म्हणे."

"हूंऽऽऽऽऽऽ."

हे आमच्या कारकिर्दीतलं सर्वांत लांब गाणं ठरलं.

पुढचं कवळीने सुरू केलं. "काका, माझ्या आईने टाइल्स त्यांच्याकडूनच घेतल्या."

मग माझी पाळी आली आणि मला काही सुचेना. तेव्हा आत्या बाबांकडे न बघता, पदर नीट करत म्हणाली, "दादा, लहानपणी आईचा जास्त जीव माझ्यावर होता. तुला वाईट वाटू नये म्हणून ती बोलायची नाही."

त्या 'हूं'मध्ये जे काही होतं ते फ्रिजला कधीच जमलं नसतं. त्यात बेसिन नव्हतं, दुकान नव्हतं. ताईने त्यावर डोळे खरोखर मिटून गायलं, आणि शेवटी जेव्हा बाबांचा श्वास संपला तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग आत्या म्हणाली, "खोटं होतं रे," आणि बाबा म्हणाले, "माहीत आहे," आणि कार्यक्रम संपला.

टेम्पोत फ्रिज चढवताना ताईने नियमाप्रमाणे विषय काढला. "काका, निम्मे उठले का?"

"मला मोजता आलं नाही," बाबा म्हणाले. "मी कामात होतो."

खोली आमच्याकडेच राहिली. कमोड बाबांनी दुकानाच्या जिन्याखाली टांगले. एक तेवढा मागच्या खोलीत आला, झाकणासकट, कारण बाबांना सरावाला बसायला तोच बरा वाटतो. पाठ सरळ राहते म्हणतात. फ्रिज शेजारी गप्प उभा असतो आणि त्यातली फुलं आता जास्त दिवस टिकतात, त्यामुळे आत्याही खूश आहे. बाबांना झोप लागत नाही म्हणून त्यांनी मेकॅनिकला बोलावून रबर काढता येईल का विचारलं. मेकॅनिकने आधी बाबांकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि हत्यारांची पेटी न उघडताच निघून गेला.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबा हल्ली नाराज होत नाहीत. टोमणे ऐकून हसतात, काही तर स्वतःच सुचवतात. आत्या दारात उभी राहून बालपणातलं एकेक काढते, पण साठा संपत आलाय. परवा मात्र बाबांना कसं कोण जाणे, कुणी काही न बोलताच सूर लागला. आम्ही बरंच वाजवलं. कवळीच्या चेहऱ्यावर भूक दिसायला लागली. बाबा एक श्वास घ्यायला थांबले आणि त्यांनी विचारलं, "हे गाणं संपतं कधी?"

"तुम्ही थांबलात की," ताई म्हणाली.

बाबांनी झाकणावर नीट बैठक जमवली. "मग कशाला थांबू?" ते म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.